स्वखुशीने

"नको म्हणजे?" लीलाधरभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. "पगारवाढ नको?"

हितेंद्र खाली बघत होता. परवाच त्याने याच टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला होता. बॉक्स अजून तिथेच होता. आता त्यात टाचण्या होत्या.

"नको," कामिनीच बोलली.

चटईच्या कारखान्याचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. पलीकडे मशिनी धडधडत, त्यामुळे इथे कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागे. एप्रिलमधलं जळगाव, पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता. पाच वर्षांची मयुरी आईच्या मांडीवर निमूट बसली होती आणि कामिनीचा अंगठा तिच्या तळहातावर होता. घाम गरम आहे तोवर ठीक. गार, चिकट लागला की साखर उतरली समजायचं आणि पर्समधली ग्लुकोजची पुडी फोडायची. वर्षभरात अंगठ्याला हे आपसूक कळायला लागलं होतं. डोकं लागत नव्हतं त्याला.

"वहिनी, वीस वर्षं या खुर्चीत काढली. वाढ द्या म्हणून अंगावर धावून आलेले पाहिले. वाढ परत घ्या म्हणणारे..." त्यांनी ड्रॉवर ओढला, आतल्या कागदांकडे पाहिलं आणि पुन्हा ढकलून दिला. "यंदा तुम्ही तिसरे."

"वाढ धरली तर हे एकवीस हजारांच्या वर जातात. मग ईएसआयचं कार्ड बंद. हो ना?"

"लगेच नाही. कापलेल्या वर्गणीवर काही महिने निघतील. मग बंद."

"वर कितीने जातात?"

"तीनशे साठ."

कामिनीने मान हलवली. आकडा तिला ठाऊक होता. पगारपत्रकाच्या मागे तिनेच तो काढला होता, बी.कॉम.चा तेवढा एक उपयोग. मयुरीचं इन्सुलिन, सुया, तपासायच्या पट्ट्या, डॉक्टर, हे सगळं त्या कार्डावर होतं. तिला फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"एकवीसपर्यंत तरी वाढवा मग. वरचे तीनशे साठ सोडून."

"तसं नाही होत. ग्रेडची वाढ आहे. घ्यायची तर अख्खी, सोडायची तर अख्खी."

"पण भाऊ, ती मर्यादा वाढणार म्हणत होते ना?" हितेंद्रने आत आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दरसाल म्हणतात. माझ्या सुलक्षणाच्या लग्नात मांडवात हीच चर्चा होती. आता तिचा पोरगा शाळेत जातो." लीलाधरभाऊ एकटेच हसले. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. नाहीतर उद्या तुम्हीच म्हणाल, कंपनीने वाढ अडवली."

हितेंद्रने पेन घेतलं. तेवढ्यात टेबलावरचा त्याचा मोबाईल थरथरला. 'आई शिंदखेडा.' परवापासून आईने सगळ्या गल्लीत सांगितलं होतं, आमच्या हितूचा पगार वाढला. आता रोज फोन करून नवीन कुणाला तरी त्याच्याशी बोलायला लावत होती. हितेंद्र बघत राहिला. कामिनीने हात लांब करून फोन पालथा घातला. तो पालथा थरथरत राहिला आणि थांबला.

"लिहा," लीलाधरभाऊ मशिनींच्या वरताण ओरडले. "मला देऊ केलेली वार्षिक पगारवाढ..."

"पगारवाढ..."

"मी स्वखुशीने नाकारत आहे."

"मी काय?"

"स्वखुशीने! माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. खाली सही, तारीख."

हितेंद्र वाकून लिहीत होता. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरल्यासारखं. बारा तास मशीन चालवणारा हात पेनावर अवघडला होता. कामिनीला घरचा माठ आठवला. त्यात स्टीलच्या डब्यात इन्सुलिनची बाटली होती. सकाळी निघताना पाणी घातलं होतं का? घातलं होतं. गोणपाटसुद्धा ओलं केलं होतं.

"मम्मी, पप्पांना होमवर्क आहे?" मयुरीने विचारलं.

"हो."

सवयीने कामिनी बाजूने वाचत गेली. दवाखान्यातला प्रत्येक कागद ती अशीच वाचायची. औषधाचं नाव, मात्रा, तारीख. मला देऊ केलेली वार्षिक पगारवाढ मी...

ती थांबली. पुन्हा वाचलं.

'स्वखर्चाने नाकारत आहे.'

तिने तोंड उघडलं. पण लीलाधरभाऊंनी कागद ओढून घेतलाही होता. त्यांनी सही पाहिली, तारीख पाहिली आणि शिक्का उचलून दाणकन मारला.

"झालं, सगळं बरोबर. बठ्ठं बराबर शे," ते अहिराणीत म्हणाले आणि ड्रॉवर उघडून कागद आधीच्या दोन कागदांवर ठेवला.

हितेंद्रने पेनाला टोपण लावलं. ते एकदा चुकलं, दुसऱ्यांदा बसलं. मग तो कामिनीकडे झुकला आणि हळूच, शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "नीट लिहिलंय ना गं मी?"

कामिनीने मयुरीचा तळहात चाचपला. गरम होता.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली.