साडेपाच फूट

बारावी झाली की जपानला जाऊन सुमो पैलवान होणार, असं रसेलने जेवता जेवता जाहीर केलं आणि बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रोजचं भांडण सुरू झालं. आई व्हेरॉनिका पोराशी भांडे. बाप लान्सी मात्र निवांत. सुमोला किमान साडेपाच फूट उंची लागते, हे त्याने पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं, आणि वसईतल्या त्याच्या अख्ख्या खानदानात सव्वापाचाच्या वर कोणी गेलं नव्हतं.

"साप मरेल आणि काठीही मोडणार नाही," तो बायकोला सांगे. "आपण कशाला वाईट व्हायचं?"

ऑफिसातला बहारीनी साहेब रजा द्यायची नसली की गोड हसून "इंशाल्ला" म्हणायचा. पोराने विचारलं की लान्सीही तेच म्हणे, वर हातात उकडलेली अंडी ठेवी.

बारावीच्या निकालादिवशी रसेल धावत आला. "डॅडी, उंचीचा रूल काढून टाकला त्यांनी! आय कॅन गो!"

लान्सीने उचललेला घास परत ताटात ठेवला.

रसेल त्याच्या गळ्यात पडून रडायलाच लागला. "मम्मी रोज 'नाय' बोलायची. तू एकटाच 'हो' बोललास."