भरून आलेली हिरडी

डॉ. रोहिणींनी चिमणाबाईंचा खालचा ओठ ओढून धरला, दिव्याचा झोत आत वळवला आणि वाकून बराच वेळ निरखून पाहिलं. दाराशी उभी असलेली त्यांची सून ललिता एक पाऊल पुढे सरकली. मागच्या खेपेलाही डॉक्टरांनी असंच निरखून पाहिलं होतं, आणि मग सासूबाईंच्या जबड्यात बसवलेले दोन्ही स्क्रू त्यांनी काढून टाकले होते.

चिमणाबाई म्हणजे घोटीच्या आठवडे बाजारातला सगळ्यात मोठा आवाज. सुके बोंबील विकायच्या. त्यांची हाक ऐकून एसटीतली माणसं खाली उतरतात, असं त्या स्वतःच सांगत; त्यातलं निम्मं खरं धरायला हरकत नाही. दात गेले, कवळी आली, तरी आवाज तोच राहिला. पण खालची कवळी हिरडीवर ठरेना. एकदा ऐन बाजारात हाक मारताना ती सुटली, ती थेट बोंबलांच्या पाटीत. समोरच्या गिऱ्हाइकाने ती पाहिली, हातातले बोंबील खाली ठेवले आणि ते चालतं झालं. आजूबाजूच्या बायका पोट धरधरून हसल्या. चिमणाबाईही हसल्या. पण त्या दिवसापासून त्या तोंडावर पदर धरून बसू लागल्या. हाक नाही, घासाघीस नाही. घरीसुद्धा त्यांचं बोलणं कमी होत गेलं. सासूची बडबड थांबली तर सुनेला बरंच वाटेल, असं शेजारणींना वाटत होतं. ललिताला मात्र ते घर खायला उठायचं.

नाशिकच्या या डॉक्टरांनी उपाय सांगितला होता. जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांच्यावर बटणासारखी अडकवायची. पहिल्या वेळी त्यांनी हिरडी लांब चिरून उघडली, स्क्रू बसवले आणि टाके घातले. टाके उसवले. जखम चिघळली.

"मिश्री लावलीत?" डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं.

"छे! नाव नका काढू," चिमणाबाई म्हणाल्या होत्या, आणि ललिता खाली मान घालून उभी राहिली होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि मिश्रीची डबी भरून सासूच्या हातात द्यायची, हे त्या घरात सुनेचं काम. ऑपरेशननंतरही तिने ती भरून दिली होती. सासूबाईंना नाही म्हणायची तिची छाती झाली नव्हती.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी रीत बदलली. हिरडी उघडलीच नाही. आधी हाडाचा स्कॅन काढला, मग मसुरीएवढी दोन भोकं पाडून त्यांतून स्क्रू बसवले. टाका एकही नाही. "हिरडी उचकटली नाही की तिला रक्त नीट पोचतं, ती लवकर भरते," त्या म्हणाल्या होत्या. "पण तंबाखू तेच रक्त अडवते. या वेळी बिघडलं तर तिसऱ्यांदा स्क्रू धरायला हाड उरणार नाही, चिमणाबाई."

आता त्यांनी ओठ सोडला आणि मास्क खाली केला. त्या हसत होत्या.

"ललिता, इकडे ये, बघ. स्क्रूभोवती हिरडी कशी घट्ट बसलीय. सूज नाही, लाली नाही. कवळी बसवायला हरकत नाही आता."

चिमणाबाईंनी खुर्चीतच हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बाई, तुमचे उपकार लय झाले. तुमच्या हाताला यश हाय."

"हात माझे असतील, पण मिश्री तुम्ही सोडलीत म्हणून हे झालं."

"सोडली कुठं?" चिमणाबाई ठसक्यात म्हणाल्या. "रोज लावते की. पण वरच्या हिरडीला. खाली बोटसुद्धा लावलं नाय."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अहो, वर लावा नाहीतर खाली, तंबाखू शेवटी रक्तातच जाते!"

"डॉक्टर," ललिता घाईने पुढे आली, "या खेपेला त्यात तंबाखू नाय. नागली हाय, आपली नाचणी. करपवून, कुटून, वस्त्रगाळ केलेली. वास यावा म्हणून तंबाखूच्या रिकाम्या पुडीत घालून ठेवायची मी." मग ती सासूकडे वळली. "आत्याबाई, चुकलं माझं. तुमाला फसवलं मी."

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी चिमणाबाईंकडे पाहिलं. चिमणाबाई मुळीच हसत नव्हत्या.

"मला फसवती का तू? परकरात होते तवापासून मिश्री लावते मी. पयल्या दिवशीच कळलं, ही नागली हाय म्हणून."

"मग बोलला का नाय?" ललिता थक्क झाली होती. "आणि आपली शेजारीण बायडाबाई... तिची डबी तर तुमाला कधीही उघडी. खरी मिश्री तिच्याकडं मागायची ना."

"मागायची कशाला? ती आपणहून पुढं करायची. घे गं चिमूटभर, म्हणायची." चिमणाबाईंनी हात लांब करून सुनेचा हात धरला. "मी म्हणायचे, नको बाई, माझ्या लेकीनं भाजून दिलीय."