जांभळी रेघ

कुंडीतल्या ठोंबाची एक कड पुन्हा कापलेली होती. साबणाची वडी कापावी तशी, सरळ.

"यंदाही नेलं मेलीनं!" बाई बाल्कनीतूनच ओरडल्या.

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं नाही. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला ते लाल दोऱ्यानं चिठ्ठी बांधत होते. चिठ्ठी बोटभर, अक्षर मुंगीएवढं.

"कोणी?"

"समोरच्या शिंपिणीनं, दुसरं कोण! तीन वर्षांपूर्वी मागत होती, मी नाही म्हटलं. तेव्हापासून डोळा आहे तिचा."

"चोरलेलं रोप चांगलं जगतं म्हणतात."

"घ्या, चोराचीच बाजू घ्या! लग्नाला चाळीस वर्षं झाली, एकदा तरी माझी घेतलीत?"

घड्याळजी हसले आणि गाठ मारली.

डेझीच्या जातीचं, वीतभर उंचीचं, दरवर्षी त्याच मुळातून फुटणारं ते झाड बाईंना आईनं दिलेलं. पांढऱ्या पाकळीच्या पाठीवर एकच जांभळी रेघ. बी पेरलं तर ती रेघ येत नाही. मूळ फोडून लावलं तरच येते. शाळेत तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाई म्हणायच्या, "कुठंही दिसू दे, पाकळी उलटली की ओळखीन." पण मुळाचा तुकडा कुणाला द्यायच्या नाहीत. आईची शेवटची खूण, ती का वाटायची असते?

त्याच महिन्यात बाई जिन्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. सहा आठवडे इस्पितळ.

आणि नवल म्हणजे, सगळी गल्ली लोटली. दूधवाली रोज सकाळी गरम दूध आणायची. वाचनालयातले ग्रंथपाल उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचे. शिंपिणीनं तर बाजूला नाड्या असलेले तीन गाऊन शिवून आणले, अगदी अंगाबरोबर.

"माप कधी घेतलंस?" बाईंनी संशयानं विचारलं.

"बाई, तुम्ही रोज बाल्कनीतून माझ्याकडे डोळे वटारून बघता. तेवढ्यात माप होतं माझं घेऊन."

बाईंना हसू आवरेना. टाके दुखले.

ती गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "अहो, मी या माणसांना कधी पाण्याचा पेलाही विचारला नाही. हे कुठलं पुण्य फळाला आलं?"

"असेल एखादं. देवाचे आभार मान आणि झोप."

बाईंनी मानले. त्या दिवसापासून रोज मानले.

घरी आल्या आणि वॉकर टेकत थेट बाल्कनीत गेल्या. कुंडीत काळा चिखल होता. घड्याळजी सहा आठवडे इस्पितळातच. इकडे गळका नळ कुंडीवर ठिबकत राहिला होता. बाईंनी बोटांनी माती चाचपली. एकही मूळ जिवंत नव्हतं.

"आई दुसऱ्यांदा गेली हो माझी."

घड्याळजी दाराशी गेले. मग त्यांनी चपला घातल्या.

"आत्ता कुठं निघालात?"

"गिऱ्हाइकाकडे जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात शिंपीण, हातात कुंडी. कुंडीत सात-आठ पांढरी फुलं. बाईंनी एक पाकळी उलटली.

जांभळी रेघ.

राग आला तसाच विरघळला. हिनं चोरलं नसतं तर आज आईची खूण जगात कुठंच उरली नसती. देव कुणाच्या हातून काय राखून ठेवील, सांगता येत नाही. बाईंनी शिंपिणीचा हात घट्ट धरला.

"जा, तुला माफ केलं मी. मनापासून."

"माफ? कशाबद्दल?" शिंपीण गोंधळली. "बाई, हे तुमचंच आहे. काका काल सांगून गेले, तुमचं गेलं म्हणून. आता अर्धं तुम्हाला, अर्धं मला."

तिच्यामागून दूधवाली जिना चढत होती. तिच्याही हातात कुंडी. खाली ग्रंथपाल कुंडी सांभाळत पायरी शोधत होते.

"माझी मुलगी आजारी होती, तेव्हा सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर हे रोप," शिंपीण म्हणाली. "आदल्याच आठवड्यात तुम्ही नाही म्हणाला होतात, म्हणून आधी पटेचना. पण हे होतं ना सोबत. अजून जपून ठेवलंय."

तिनं कुंडीच्या काठाला लाल दोऱ्यानं बांधलेली बोटभर चिठ्ठी पुढं केली. बाईंनी ती डोळ्यांजवळ नेली. अक्षर मुंगीएवढं होतं.

'बाईंकडून, प्रेमानं. आभार मानायला येऊ नये, त्यांना संकोच वाटतो.'