चादरीचं दुसरं टोक

नर्सबाईंची रात्रपाळी, त्यामुळे झोपायचं ते भर दुपारी, तव्यासारख्या तापलेल्या खोलीत. काल कामावर डुलकी लागली आणि एका पेशंटला दुसऱ्याचंच इंजेक्शन देता देता राहिलं. आज झोप झाली नाही, तर कुणाच्या तरी जिवावर बेतणार होतं.

उपाय ठरलेला होता. मोठी चादर भिजवायची, पिळायची, खिडकीला टांगायची. पण एवढी ओली चादर एकटीला थोडीच पिळता येते? बाथरूममध्ये उभं राहून तिने एक टोक धरलं आणि दुसरं पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत सरकवलं.

"अहो, लोळणं पुरे झालं. धरा जरा!"

टोक उचललं गेलं. चादर ताणली, पीळ बसला आणि पाणी भसाभसा गळलं.

"आज बरा जोर आलाय हातात! रोज कुठे जातो?"

फुगले वाटतं, म्हणत तिने आणखी एक पीळ घातला.

तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली. नवरा घामाघूम होऊन आत आला, हातात बर्फाची पिशवी.

"अगं, कुणावर खेकसतेस?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखं म्हणाली, "झोप नाही ना. भास होतात मला."

"भास कसला?" नवऱ्याची नजर चादरीवरून सरकत खोलीच्या दारापर्यंत गेली. "चादर तर ताणलेली आहे."

तिचे हात केव्हाच थांबले होते. पलीकडून सावकाश आणखी एक पीळ पडला.