बिनभात्याची पेटी

बारामतीच्या दुकानात मी कीबोर्ड उचलून वजनाचा अंदाज घेत होते. दुकानदार म्हणाला, "वहिनी, एसटीत लेकरागत मांडीवर बसवून न्या. सेलवर चालतो, भाता हलवायची कटकट न्हाय." मला नेमकं तेच हवं होतं.

लकव्याने माझ्या सासऱ्यांचा डावा हात गेला, तेव्हापासून रोज संध्याकाळी आमची प्रियदर्शनी त्यांच्या पेटीचा भाता हलवायची आणि आबा उजव्या हाताने भीमगीतं वाजवायचे. तिचं चौथीच्या स्कॉलरशिपचं वर्ष, आणि अभ्यासाची वेळ भात्यावर जायची. पण आबांना ते सांगायचं कसं? कीबोर्ड त्यांच्यापुढे ठेवत मी म्हटलं, "आबा, खास तुमच्यासाठी आणलाय. आता वाजवायला कुणाची वाट बघायला नको."

आबांनी एक अख्खं गाणं वाजवलं, कुठेही न अडखळता. प्रियदर्शनी शेजारी नुसती बसून होती. मग त्यांनी हळूच बटण बंद केलं.



"झ्याक हाय, करुणा. पर पोरीचा अभ्यास बुडतोय एवढं नुसतं म्हणाली असतीस, तरी मी पेटी मिटली असती."