अर्धा फेरा जास्त

"परत ओलं," पोस्टमन म्हणाला आणि गाडीचं दार उघडून बाजूला झाला.

मिस्त्रीने वाकून पुढच्या सीटखालचा गालिचा तळव्याने दाबला. बोटांमधून हिरवट पाणी वर आलं. त्याने बोटं नाकाशी नेली. तोच गुळचट वास. समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसलेलं. आता वेगळं काय बघायचं? हीटरमधून इंजिनाचं पाणी गळत होतं. महिन्यात तिसऱ्यांदा!

"बस तिथं स्टुलावर," तो म्हणाला. "बघतो."

पोस्टमनला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याने कोट अंगाशी आवळून घेतला आणि स्टूल पुढे ओढलं.

"घाई नाही रे. मला घरी तरी कोण विचारतंय? बायको म्हणते, त्या गाडीतच राहायला जा."

मिस्त्री हसला नाही. एरवी हसला असता. पण काल मुलीचा फोन आला होता. "बाबा, आई जाऊन वर्ष झालं. तिथं एकटे बसून काय करता? खोली तयार आहे तुमची." आता हिला काय सांगणार? नव्या गाड्यांचे लोक गॅरेजकडे ढुंकूनही बघत नव्हते. शेजारचा सुतार जागेसाठी टपून बसला होता. तरीही जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. बायकोने रंगवलेली पाटी अजून दारावर होती. शेवटी तो मुलीला म्हणाला, "पोस्टमनची गाडी दोनदा दुरुस्त केलीय. तिसऱ्यांदा गळली आणि चूक माझी निघाली, तर समजेन हात संपले. मग येतो."

आणि आज सकाळी दारात हॉर्न वाजला.

त्याने रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवला आणि दाब दिला. काटा वर चढला, थोडा थांबला आणि हळूहळू उतरायला लागला. मग तो सीट मागे सारून पाठीवर आडवा झाला, डोकं डॅशबोर्डखाली घातलं. कंबरेने लगेच तक्रार केली. या जुन्या गाडीत हीटरचे पाईप आतल्या बाजूलाच जोडलेले. गळलं की सगळं थेट गालिच्यावर.

"मागे तीन दिवस शिट्टी वाजत होती तुझी," पोस्टमन बाहेरून म्हणाला. "आज का नाही?"

"शिट्टीला दम लागतो, लेका."

पहिल्यांदा हीटर खरंच सडला होता. अख्खा डॅशबोर्ड उतरवून नवा बसवावा लागला. काय काम होतं ते! नाकी नऊ आले, पण त्या तीन दिवसांत तो पोटभर जेवला आणि गाढ झोपला. पोस्टमन रोज येऊन बसायचा, नुसतं बघायचा.

मिस्त्रीने वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि सगळं पुसून कोरडं केलं. मग दुसरी, कोरडी पट्टी एकेका जागेवरून फिरवली. नवा हीटर कोरडा. वरचा जोड कोरडा. खालचा पाईप आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्यापाशी कागद भिजला.

मागच्या वेळीही हाच पट्टा सैल निघाला होता. त्याने स्क्रूला बोट लावलं. स्क्रू बोटानेच फिरला.

मिस्त्री तसाच पडून राहिला. चाळीस वर्षं त्याचा एकच नियम होता: पट्टा घट्ट झाला की वर अर्धा फेरा जास्त. तो दिल्याचं त्याला आठवत होतं. मनगटाला आठवत होतं. पण तसं तर मागच्या वेळीही आठवत होतं! मग आठवणीवर तरी काय भरवसा ठेवायचा?

"सापडलं?" पोस्टमनने विचारलं.

"सापडलं. मोठा स्क्रूड्रायव्हर दे. छोटा मिळत नाहीये."

"कधीपासून?"

"झाले तीन आठवडे. सगळं पालथं घातलं. कुठे ठेवतो तेही लक्षात राहत नाही आता."

पोस्टमनने कोट अंगाशी आवळत मोठा दिला. त्या अडचणीत तो नीट बसेना. कसाबसा पट्टा आवळला, अर्धा फेरा जास्त दिला आणि पुन्हा दाब भरला. काटा जागचा हलला नाही.

हात पुसून मिस्त्रीने फोन लावला.

"हो, मीच. गळली. हो, माझ्याच चुकीने... रडतेस कशाला, वेडे? येतो म्हटलं ना. रविवारी. सुताराला आजच सांगतो."

पोस्टमन स्टुलावरून उठला.

"कुठे येतो? काय सांगतोस सुताराला?"

"गॅरेज बंद. एक पट्टा नीट आवळता येत नाही मला. उद्या कुणाचा ब्रेक असाच सोडला तर? जीव जाईल एखाद्याचा." तो फळीपाशी गेला, हत्यारांची लाकडी पेटी उचलून गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि झाकण उघडलं. प्रत्येक हत्याराची आपापली खाच होती. "ही तू घे. तिथं नेऊन काय करू? एक जागा रिकामी आहे तेवढी, चालवून घे."

पोस्टमनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू शिट्टी वाजवत होतास रे," तो म्हणाला. "वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं... गाडी पुन्हा गळली की तू..."

 

पोस्टमनने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर काढून रिकाम्या खाचेत ठेवला.