दुपारचं दूध

दार वाजलं, तरी अलकामामीच्या पदराखालचं यंत्र घर्रर्र करत चालूच राहिलं.

"आत्ता कुठे यायला लागलंय गं," मामी कुजबुजली. "मध्येच थांबवलं की मग येतच नाही. तूच बघ ना कोण आहे ते. आणि मी काय करतेय ते सांगू नकोस हं कोणाला."

सुनीती युनिफॉर्मवरच होती. तिची शाळा दिल्लीत पहाडगंजातच, त्यामुळे सुटली की ती सरळ मामा-मामी उतरले होते त्या हॉटेलात मामीला सोबत करायला यायची. मामीचं बाळ, अजून नावसुद्धा न ठेवलेलं, जवळच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं आणि शशिकांतमामा त्याच्यापाशी. दुपारचं दूध बॅटरीच्या त्या छोट्या यंत्रानं काढायचं आणि वेळेवर पोचवायचं, एवढंच काम. पण काल एक थेंबही आला नव्हता आणि मामी रात्रभर रडली होती.

सुनीती फटीतून बाहेर सरकली आणि तिनं दार मागे ओढून घेतलं.

बाहेर हॉटेलचा मॅनेजर होता आणि हातात डिटेक्टरचा काळा दांडा घेतलेला एक हवालदार. पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता. गल्लीतल्या सगळ्या हॉटेलांची तपासणी चालली होती.

"चेकिंग है बेटा, दरवाजा खोलो," मॅनेजर म्हणाला.

"थोडा रुकिए ना अंकल. मामी अंदर हैं."

"मामी हैं तो हैं. खोलो."

हवालदारानं मान वाकडी करून दाराला कान लावला. "ये मशीन काहे की चल रही है?"

खरं तर उत्तरं द्यायला सुनीतीला भयंकर आवडायचं. वर्गात, मेट्रोत, रिक्षावाल्यासमोर, कुठेही! पण मामीनं नाही म्हटलेलं. "है एक मशीन," ती म्हणाली. "पर्सनल है."

"पर्सनल मशीन!" मॅनेजर हवालदाराकडे वळला. "साहब, हमारे होटल में ऐसा कुछ नहीं होता."

"हेयर ड्रायर है क्या, छोरी?"

"हां, वैसा ही समझ लीजिए."

"समझ क्यों लूं? देख ही लेता हूं."

सुनीतीनं दोन्ही हात पसरून दार अडवलं. "अंदर लेडीज हैं. लेडी पुलिस बुलाइए. मुझे सब पता है."

"बिल्कुल बुलाऊंगा," हवालदार शांतपणे म्हणाला. "वो पिछली गली में है. आते-आते घंटा लगेगा. तब तक इस कमरे से न कोई बाहर जाएगा, न कोई सामान."

सुनीतीचे हात खाली आले. घंटाभर! तिकडे बाळ भुकेलं होणार.

तेवढ्यात आतली घरघर थांबली आणि मामीनंच दार उघडलं. ती जायला तयार होती, पायात चपला, अंगभर पदर. पदराच्या आत दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरलेलं.

हवालदारानं पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाट उघडलं, बाथरूम पाहिली, गादी उचलली. यंत्र कुठेच नव्हतं. मग तो मामीसमोर येऊन उभा राहिला.

"क्या छुपाया है?"

मामी एक पाऊल मागे सरली. दिल्लीत आल्यापासून ती हिंदीत एक अक्षर बोलली नव्हती. भाजीवाल्याशीसुद्धा सुनीतीच बोलायची. आज मात्र ती बोलली. "दूध है. मेरे बच्चे का. वो हॉस्पिटल में है."

सुनीतीचा जीव भांड्यात पडला. सुटलो! "मग दाखव ना मामी, दूधच तर आहे!"

"नको गं. दृष्ट लागते." मामीनं पदर आणखी घट्ट ओढला. "परवा त्या शेजारच्या खोलीतल्या बाईनं बाटली बघून म्हटलं, अरे वा, कितना सारा! आणि काल बघितलंस ना तू? आज किती मुश्किलीनं आलंय."

"मामी, यार! असं काही नसतं!"

"क्या कह रही हैं?" हवालदारानं विचारलं.

आता हे हिंदीत सांगायचं म्हणजे! सुनीतीचे कान लाल झाले. "कहती हैं... देखने से नजर लग जाती है."

मॅनेजर फिस्सकन हसला.

हवालदार नाही हसला. "हंसने की क्या बात है इसमें?" तो मॅनेजरला म्हणाला. "घर में बच्चे नहीं हैं तेरे? मुंह उधर कर." आणि स्वतः पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मॅनेजर खिडकीकडे वळला.

"पर चेक तो करना पड़ेगा," भिंतीकडे बघतच हवालदार म्हणाला. "छोरी, तू देख के बता."

सुनीती पुढे झाली. मामीनं पदर सोडला नाही. नुसती बघत राहिली तिच्याकडे.

सुनीतीनं डोळे मिटले. पदराखाली हात घातला. आधी यंत्र लागलं, मग बाटली. झाकण घट्ट लावलेली, कोमट. अर्ध्याच्या वरपर्यंत कोमट, म्हणजे तेवढी भरलेली.

"दूध ही है," ती म्हणाली.

"मशीन?"

"दूध निकालने की."

"तो जाने दे. बच्चा इंतजार कर रहा होगा."

मामी तिघांच्या मधून बाहेर पडली. तिच्या चपलांचा आवाज कॉरिडॉरमधून जिन्यावर गेला, जिना उतरला, रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये मिसळून गेला. खोलीत हवालदार भिंतीकडे, मॅनेजर खिडकीकडे तोंड करून उभे होते. आणि सुनीतीनं डोळे अजून उघडले नव्हते.